क्युरेट्स एग म्हणजे 'थोडं बरं थोडं वाईट' नाही हो

प्रश्न असा आलाय की फायदा-तोटा दोन्ही असलेल्या गोष्टीला इंग्रजीत 'डबल एज्ड सोर्ड' सोडून आणखी काय म्हणतात. मिक्स्ड ब्लेसिंग म्हणा, कट्स बोथ वेज म्हणा, संपलं. (तलवारीला दोन्हीकडून धार असली तर लढणाऱ्याला फायदाच की, बायबलात इब्री लोकांस पत्रात 'दुधारी तलवारीपेक्षा तीक्ष्ण' हे देवाच्या वचनाचं कौतुक म्हणून आलंय, पण ते असो.)

पण या यादीत लोक बिनधास्त 'क्युरेट्स एग' (शब्दशः पाद्र्याचं अंडं) घुसडतात ना, तिथे माझं डोकं फिरतं. नाटकाचा पहिला अंक झकास आणि दुसरा रटाळ, की लगेच क्युरेट्स एग!

अहो, मूळ गंमत बघा. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकात नोव्हेंबर 1895 मधे जॉर्ज द्यू मोरिए यांचं व्यंगचित्र आलं. (यांच्याच कादंबरीतून इंग्रजीला 'स्वेंगाली', म्हणजे दुसऱ्याला मुठीत ठेवून नाचवणारा, हा शब्द मिळाला, माणूस शब्दांच्या बाबतीत नशीबवान.) बिशपच्या घरी नाश्ता चाललाय, बिशप म्हणतो, जोन्स, तुमचं अंडं खराब निघालं वाटतं. क्युरेट म्हणजे चर्चमधला सगळ्यात ज्युनियर पाद्री, बिचाऱ्याची नोकरी, बढती सगळं बिशपच्या हातात, तो घाईघाईने म्हणतो, छे छे माय लॉर्ड, याचे काही भाग तर उत्कृष्ट आहेत! आता अंडं कधी अर्धवट नासतं का? नासलं की अख्खं नासलं. विनोद अंड्यावर नाहीच, साहेबासमोर नासकं अंडं गिळून वर तारीफ करणाऱ्यावर आहे. चित्राचं नावच 'ट्रू ह्युमिलिटी', म्हणजे खरी नम्रता. तेव्हा मुळात ही फायद्या-तोट्याची गोष्ट नाहीच, शुद्ध लाचारीची आहे.

आणि द्यू मोरिएंनाच सगळं श्रेय देणाऱ्यांनी हेही बघावं की त्याच वर्षी मे महिन्यात 'जूडी' नावाच्या दुसऱ्या साप्ताहिकात जवळपास हाच विनोद येऊन गेला होता.

डिक्शनऱ्या 'अंशतः चांगलं, अंशतः वाईट' असा अर्थ देतात हे मला माहितीये, कृपया स्क्रीनशॉट पाठवू नका. डिक्शनरी लोक काय बोलतात ते नोंदवते, आणि लोक चुकीचं बोलतायत हेच तर मी सांगतोय. पंचवाल्यांना मात्र शेवटपर्यंत भान होतं. 1992 मधे अंक बंद पडला तेव्हा शेवटच्या अंकात हेच चित्र पुन्हा छापलं, फक्त यावेळी क्युरेट चक्क शिवी हासडून सांगतो की अंडं नासलंय.