'सर नोट्स पाठवा' यात चुकतं काय?

प्रश्न: नववीतला मुलगा शिक्षकांना रात्री ११ वाजता 'सर नोट्स पाठवा' एवढंच लिहितो. तो उद्धट नाही, पण वाचताना तसं वाटतं. त्याला काय शिकवावं?

उत्तर: दोष आज्ञार्थाचा आहे. बोलताना 'पाठवा'ला आवाजाचा मऊपणा मिळतो, लेखी तो गळून पडतो. म्हणून आधी क्रियापद बदलायला सांगा: 'पाठवाल का?' नुसतं 'कृपया' चिकटवून भागत नाही. 'कृपया लवकर पाठवा' हा हुकूमच राहतो. मग स्वतःची ओळख (सरांकडे नंबर सेव्ह असेलच असं नाही), नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत, हे सगळं एकाच संदेशात यावं:

'नमस्कार सर. मी नववी ब मधला ओंकार. सोमवारी गैरहजर होतो. भूमितीच्या त्या तासाच्या नोट्स शुक्रवारपर्यंत पाठवाल का?'

नुसतं 'सर' लिहून थांबू नये. समोरचा उगाच ताटकळतो. रात्री आठवलं तर लिहून ठेवावं, सकाळी पाठवावं. आणि नोट्स आल्यावर 'मिळाल्या, आभारी आहे' हे कळवायला मुलं हमखास विसरतात.

पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचायला लावा. व्हॉट्सॲपवर संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो खरा, पण तोवर तो वाचला गेलेला असतो.

दुःखाच्या बातमीचं वेगळं. 'भावपूर्ण श्रद्धांजली' गेलेल्या माणसाला असते. मित्राचे आजोबा गेले तर मित्रासाठी दोन ओळी हव्यात: 'आजोबांचं कळलं, फार वाईट वाटलं. तुझ्या वह्या मी पूर्ण करून ठेवतो. लगेच उत्तर नाही दिलंस तरी चालेल.' इथे इमोजी नकोच.