मांटा पाकट आणि नळगवत यांची तुलना कशी करावी?

समुद्रातील महाकाय मांटा पाकट (मोब्युला बायरोस्ट्रिस) आणि दलदलीतील नळगवत (फ्रॅगमायटीस ऑस्ट्रालिस) यांच्या तुलनेसाठी आकार, अन्न, अधिवास आणि संख्या एवढा तक्ता पुरेल का, असे तुम्ही विचारले आहे. पुरणार नाही, आणि त्यातला ‘संख्या’ हा रकाना तर सरळ चुकीचा आहे.

पदव्युत्तर शिक्षण घेताना मी हाच तक्ता केला होता. प्रत्येक मांट्याच्या पोटावरील ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखून मोजता येतो. तिथे अडचण नव्हती. नळगवतापुढे मात्र मी आकडा लिहिला नाही. मोजणीसाठी जमिनीवर आखलेल्या चौकटीतले दांडे मोजले आहेत, तीच संख्या लिहा, असे मार्गदर्शकांचे म्हणणे होते. मी ऐकले नाही आणि माझे गुण कापले गेले. माझे मत आजही तेच आहे. चिखलाखाली आडवे खोड पसरत जाते, त्याला जागोजागी दांडे फुटतात, आणि वर दिसणारे शेकडो दांडे खाली एकाच वनस्पतीचे असू शकतात. हिरव्या दांड्यांतून शिरलेली हवा याच खोडातून वाहत जाऊन जुन्या, मोडक्या दांड्यांतून बाहेर पडते. म्हणजे वाळलेले म्हणून आम्ही मोजणीतून वगळलेले दांडेही त्या वनस्पतीला श्वास पुरवत होते.

खरी तुलना पुनरुत्पादनाची करा. मांटा मादी सुमारे वर्षभर गर्भ वाढवून बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू काही वर्षांनी होते, म्हणून कल्ल्यांच्या व्यापारासाठी होणारी मासेमारी या जातीला झेपत नाही आणि ती आज संकटग्रस्त आहे. नळगवत खोडाच्या तुकड्यातूनही पुन्हा उभे राहते. त्याच्या युरोपातून आलेल्या वाणाने उत्तर अमेरिकेतील पाणथळ जागांत तिथल्या मूळ वाणाला मागे सारले आहे.

नळगवताला बीही धरते, त्यामुळे दांड्यांचा प्रत्येक पुंजका एकाच वनस्पतीचा असतो असे मात्र लिहू नका. ते जनुकीय तपासणीनेच ठरते. शिवाय मांट्यावरून सर्व पाकटांविषयी निष्कर्ष काढू नका. परीक्षकांनी आकड्याचा आग्रह धरलाच, तर ‘दर चौरस मीटरमधील दांडे’ असा वेगळा रकाना करा, पण त्याला वनस्पतींची संख्या म्हणण्यास स्पष्ट नकार द्या.