फेसबुकची पोस्ट, अब्रुनुकसानीची नोटीस आणि अडकलेलं पुस्तक

प्रश्न थोडक्यात असा. उदगीरकडचे एक तरुण कथाकार आहेत, पहिला संग्रह आलाय, दुसऱ्याचं ॲग्रीमेंट होऊन १५ हजार ॲडव्हान्सही मिळालाय. मध्ये एका ज्येष्ठ लेखकाच्या कादंबरीला पुरस्कार मिळाला आणि यांनी रात्री फेसबुकवर लिहिलं की कादंबरी रद्दीत घालायच्या लायकीची आहे, त्यातली माणसं मराठवाड्यातली वाटतच नाहीत, आणि पुरस्कार कसा मिळाला म्हणाल तर निवड समितीला पार्ट्या कोण देतं ते सगळ्यांना माहितीय. पोस्ट व्हायरल झाली. आता त्या लेखकाकडून अब्रुनुकसानीची २५ लाखांची नोटीस आलीय, १५ दिवसांत माफी मागा म्हणून, आणि प्रकाशकाचा व्हॉट्सॲप आलाय की सध्या थांबू, ॲडव्हान्स परत करा. "लोकं फोन करून हसू लालेत सर, काय करू?"

भाऊ, आधी २५ लाखांचा आकडा डोक्यातून काढा. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही, १५ दिवस हे त्यांच्या वकिलानं ठरवलेत, आणि दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशोबानं कोर्ट फी आधी त्यांनाच भरावी लागते, तिथं भल्याभल्यांचे आकडे खाली येतात. पण म्हणून नोटीस कपाटात टाकून बसू नका, उत्तर वकिलामार्फत जाऊ द्या. पोलीस उचलून नेतील ही भीती तर सोडूनच द्या, बदनामीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकत नाहीत असा, आणि जामीनपात्र आहे, त्यांना मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद करावी लागेल आणि नवीन फौजदारी कायद्यात मॅजिस्ट्रेटला त्या फिर्यादीची दखल घ्यायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. कुणी आयटी कायद्यातल्या, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याबद्दलच्या ६६अ कलमाची भीती घातली तर ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ लाच रद्द केलंय.

आता खरा मुद्दा. तुमच्या पोस्टमध्ये दोन गोष्टी आहेत आणि तुम्ही त्या एका दमात लिहून टाकल्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. त्याच कलमाला अपवाद आहेत, त्यातला सहावा लेखकांनी पाठच करून ठेवावा असा आहे. जे पुस्तक लेखकानं स्वतः लोकांपुढं ठेवलं त्याच्याबद्दल प्रामाणिकपणे कितीही कडक मत द्या, अगदी पुस्तकातून लेखकाचा स्वभाव कसा दिसतो तेही बोला, पण पुस्तकात दिसतो तेवढाच. कायद्यातच उदाहरण दिलंय: पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लिहिणारा दुबळ्या बुद्धीचा असावा, हे चालतं. पण तो माणूसच दुबळा आणि बदफैली, त्यामुळं पुस्तक असं निघालं यात नवल नाही, हे चालत नाही. १८६० च्या जुन्या दंडसंहितेपासूनची ही ओळ आहे आणि मला विचाराल तर समीक्षेचा एवढा चांगला नियम मी साहित्याच्या व्याख्यानात ऐकला नाही.

म्हणजे रद्दीचं वाक्य, माणसं खोटी वाटतात हे वाक्य, यासाठी एक शब्द मागं घेऊ नका. पार्ट्यांचं वाक्य मात्र पुस्तकातून आलेलं नाही. त्यातून सुटायचं तर ते खरं आहे आणि लोकहितासाठी बोललो, हे दोन्ही तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि "सगळ्यांना माहितीय" हा पुरावा नसतो, साक्षीला यायची वेळ आली की सगळ्यांना काहीच माहिती नसतं. तेव्हा खेद तेवढ्या एका वाक्यापुरता लिहून द्या, मसुदा वकिलाला करू द्या, कारण उत्साहात लिहिलेली माफी कबुलीजबाब ठरू शकते. ज्यांची बदनामी झाली त्यांना हे प्रकरण मिटवता येतं, आणि ज्येष्ठ मंडळींना बहुतेक वेळा पैसा नको असतो, मान हवा असतो.

पोस्ट डिलीट करू नका, फक्त लोकांपासून लपवा आणि कमेंटसकट कॉपी ठेवा. आता घाईघाईत पुरावा नष्ट केला असं दिसलं तर ते वेगळंच झंझट होतं. मित्रांना सांगा की बाजू घ्यायला येऊ नका. आणि सहा महिने गेले, मिटलं असं समजू नका, दिवाणी दाव्याला एक वर्षाची मुदत असते आणि फौजदारीला तीन.

पत्राच्या शेवटी हळूच लिहिलंय की फेक अकाउंटवरून स्वतःच्याच संग्रहाचं कौतुक केलंय. नाव काल्पनिक असेल तर एवढ्यावरून कोणी जेलमध्ये टाकत नाही, खऱ्या माणसाचं नाव-फोटो वापरला असेल तर गोष्ट वेगळी, आयटी कायद्याची कलमं लागू शकतात. पण मी समोरचा वकील असतो तर उलटतपासणी तिथूनच सुरू केली असती, आणि वाचकाला एकदा हे कळलं की पुढचं खरं कौतुकही त्याला खोटंच वाटतं. ते अकाउंट आजपासून वापरू नका.

प्रकाशकाचं. व्हॉट्सॲपवर "थांबू" म्हटलं म्हणून करार मोडत नाही. ॲग्रीमेंटमध्ये लेखकाच्या वर्तनामुळं संस्थेची प्रतिष्ठा जाण्याबद्दल काही कलम आहे का ते बघा, अशी कलमं हल्ली येऊ लागलीत आणि सही करताना कोणी वाचत नाही. नसेल तर ॲडव्हान्स परत करायची घाई नको, ईमेलवर पुस्तक कधी येणार ते नम्रपणे विचारा. हक्क त्यांना लिहून दिले असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणं वर्षभरात त्यांनी ते वापरले नाहीत तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तुमच्याकडं परत येतात, म्हणून सहीची तारीख महत्त्वाची. आणि प्रकाशकावर पोस्ट टाकायची नाही, कितीही राग आला तरी, कारण दुसरा प्रकाशक आधी तुमचं फेसबुकच उघडणार आहे.

लातूरला येताना मूळ ॲग्रीमेंट, पोस्टाचा शिक्का असलेलं नोटिशीचं पाकीट आणि ज्या फोनवरून पोस्ट टाकली तो फोन घेऊन या, नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत.