कामाच्या ठिकाणी मजा असली तर कंपनीला खरंच नाव मिळतं का? आमचा जळगाव एमआयडीसीत चटईचा कारखाना आहे.

मिळतं, पण कामगारांच्या तोंडून. 'ग्रेट प्लेस टू वर्क'सारख्या प्रमाणपत्रासाठी कर्मचारी नाव न देता प्रश्नावली भरतात. विश्वास, आदर, न्याय्य वागणूक, आपलेपणा यांबद्दल विचारतात, त्यामुळे मालकाच्या भाषणाचा तिथे उपयोग नाही.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी जरूर ठेवा. तुराट्यांवर वांगी भाजताना मालक आणि ऑपरेटर शेजारी बसले, गप्पा झाल्या, की पुढे मशीन बिघडलं तर तो घाबरून लपवत नाही, लगेच सांगतो. माझ्या मते खरा फायदा हाच. मात्र रात्रपाळीवाल्यांना वगळू नका (हे फार जण विसरतात), आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. ओव्हरटाइमचे पैसे थकले असतील तर पार्टीच्या आधी ते चुकते करा.