सोलापुरात बाबांच्या साठीला जुन्या मालिकांच्या शीर्षकगीतांचा अल्बम द्यायचाय. घेताना काय बघावं?

आधी मूळ ध्वनिमुद्रण आहे का ते बघा. मालिकेचं शीर्षकगीत साधारण एक-दीड मिनिटाचं असतं. यादीतली सगळी गाणी चार-चार मिनिटांची आणि एकाच गायकाच्या नावावर असतील, तर ती नव्याने गाऊन घेतलेली आहेत. सरळ सोडून द्या.

१९८८च्या ‘भारत एक खोज’चं गाणं हवंच. वनराज भाटियांचं संगीत, शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे. आधी संस्कृत, मग तोच आशय हिंदीत. दर रविवारी हे घराघरांत ऐकू यायचं, यावर आज विश्वास बसत नाही. कन्नड दिग्दर्शक शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ची एल. वैद्यनाथन यांची धूनही घ्या. आपल्या सोलापुरात कन्नड बोलणारी घरं कितीतरी, त्यांना ती जास्तच जवळची.

मराठीत ‘आभाळमाया’. मंगेश कुलकर्णींचे शब्द, अशोक पत्कींची चाल आणि देवकी पंडितांचा आवाज. माझ्या मते मराठीत याच्या तोडीचं शीर्षकगीत नाही.

सीडी शोधत नवी पेठ पालथी घालू नका. अधिकृत गाणी विकत घेऊन पेनड्राइव्हवर भरा आणि प्रत्येक गाण्याला मालिकेचं नाव मराठीत द्या.