कच्छचा अमोनाइट: जातीच्या नावाची घाई नको

कच्छमध्ये सापडलेल्या अमोनाइटचे (गुंडाळलेल्या शंखाच्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म) फोटो पाठवून तुम्ही त्याची जात विचारलीत. फोटो पाहिले. नमुना चांगला आहे, पण एकाच बाजूच्या फोटोवरून जात ठरत नाही. तोंडाकडून आणि बाहेरच्या कडेचाही फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा, नाणं नको.

नाभी (वेढ्यांच्या मधला खळगा) बारीक, अंग फुगीर आणि कंगोरे (शंखावरच्या उठावदार रेघा) बाहेरच्या कडेवरून न तुटता पलीकडे जात असतील, तर मॅक्रोसेफॅलाइट्स या प्रजातीचा (जातींच्या गटाचा) विचार करा. आतले वेढे उघडे, कंगोऱ्यांना फाटे फुटतात तिथे गाठी आणि कडेच्या मधोमध कंगोरे तुटलेले, तर रायनेकिया ही दुसरी प्रजाती. कच्छच्या कॅलोव्हियन (ज्युरासिक काळातला एक टप्पा) थरांत दोन्ही सापडतात. मग कॅलिपरने व्यास, नाभीची रुंदी, वेढ्याची उंची आणि जाडी मोजा. वाढीबरोबर ही गुणोत्तरं बदलतात, म्हणून कोणत्या व्यासाला मोजलं तेही लिहा.

खरी गोम सिवणरेषांत, म्हणजे शंखातले आडवे पडदे बाहेरच्या भिंतीला जुळतात तिथल्या रेषांत आहे. पानाच्या कडेसारख्या त्या नागमोडी रेषा जिथे संपतात, तिथून प्राण्याचा राहण्याचा कप्पा सुरू होतो. शेवटच्या रेषा दाटीने आल्या असतील तर तो बहुधा प्रौढ. हे न पाहता नाव दिलं तर पिल्लू वेगळी जात ठरतं. एकाच जातीत मोठे आणि लहान असे दोन प्रौढ प्रकारही असतात, आणि जुन्या वर्णनांत त्यांना अनेकदा वेगवेगळी नावं मिळाली. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ स्पॅथने १९२७ ते १९३३ दरम्यान कच्छच्या अमोनाइटना दिलेली ढीगभर नावं म्हणूनच जपून वापरा.

नमुना ओढ्यात सुटा मिळाला की थरातून काढला? सुटा असेल तर त्याचा थर कळत नाही, म्हणून खुणा मॅक्रोसेफॅलाइट्सच्या असल्या तरी 'मॅक्रोसेफॅलाइट्स, जात अनिश्चित' एवढंच लिहा. त्यात कमीपणा नाही. आणि व्हिनेगरने धुऊ नका, चुनखडी असेल तर कंगोरेच जातील.