खळ, कामट्या आणि जुने टीशर्ट: वाचकांचे प्रश्न

दिवाळी तोंडावर आली की पत्रांचा ढीग पडतो, म्हणून या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त प्रश्न घेतलेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे, चिकटत नाही, वाकतं नाहीतर सुटतं. आणि त्यावर उपायही सगळ्यांचा एकच, आणखी महागातला गम आणायचा. तर आधी गम बाजूला ठेवू आणि वस्तू नेमकी कुठे ढिली पडतेय ते बघू.

प्रश्न: शाळेतून मुलाला आकाशकंदील करून आणायला सांगितलाय आणि हातात फक्त शनिवार-रविवार आहे. रेडीमेड किट नको वाटतंय. बांबूचा पारंपरिक कंदील एवढ्या वेळात होतो का? गेल्या वर्षी व्हिडिओ बघून केला होता, टांगल्यावर तो एका बाजूला कलंडला आणि चौकोन तिरके झाले. (एक आई, ठाणे)

होतो ताई, आरामात होतो. कंदील अवघड वाटतो पण हिशोब अगदी सोपा आहे, एकसारख्या लांबीच्या २४ काड्या, त्यांचे ६ चौकोन, आणि चौकोनाच्या कोपऱ्याला दुसऱ्या चौकोनाचा कोपरा बांधायचा, बास. एक चौकोन टेबलावर आडवा ठेवा, त्याच्या चारही कोपऱ्यांना एकेक चौकोन टोकावर उभा करून बांधा, मग त्या उभ्या चौघांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा आणि वर उरलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन बसवा. एकूण १२ गाठी होतात. मधे आपोआप ८ त्रिकोण तयार होतात, ते वेगळे करत बसायचं नाही, लोक तिथेच निम्मा वेळ घालवतात. ८ इंची काड्या घेतल्या तर कंदील साधारण ११ इंच उंच होतो, शाळेसाठी भरपूर झाला.

काड्यांसाठी बुरुडाकडे जाऊन कंदिलाच्या कामट्या मागा. ते शक्यच नसेल तर खराट्याचे जाडसर हीर चालतील पण मग कंदील ६ इंचीच करा, हीर लांब घेतला की वाकतो.

आता तुमचा कलंडलेला कंदील. त्यात तुमचा हात वाईट नव्हता, चौकोनाचा स्वभावच तसा आहे. चार काड्या टोकांना बांधल्या की तो कुठल्याही बाजूला झुकू शकतो आणि सहा चौकोन एकत्र बांधले तरी पूर्ण सांगाडा पिळला जातो, हातात धरून हलवून बघा, कळेल. त्रिकोण तसा झुकत नाही. म्हणून कागद लावायच्या आधी उभ्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून दोरा बांधा, फुलीसारखे दोन दोन. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे पाहिजेत, ८ इंची काडीला हे अंतर जवळपास सव्वाअकरा इंच येतं. पट्टीने मोजा, डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. एवढं केलंत की सांगाडा गप्प बसतो. दोरे आतच राहू द्या, दिवा लावल्यावर त्यांची सावली पडते खरी पण कोणी बघायला जात नाही.

मग पतंगी कागद. चौकटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापायचा, खळ कागदाला न लावता कामटीला लावायची आणि कडा आत दुमडायच्या. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा सोडा, खाली झिरमिळ्या लागतात आणि वरून होल्डर जातो. वरच्या चौकोनावर दोन काड्या आडव्या बांधून होल्डर त्यांना अडकवा, आणि टांगायचा दोरा मात्र चारही कोपऱ्यांना बांधून मधे एकत्र आणा, एकाच काडीला बांधलात तर परत कलंडेल. बल्ब एलईडीचाच लावा, ५ वॉट पुरतो, जुना पिवळा बल्ब कागदाजवळ तापतो. मेणबत्तीचा हट्ट कोणी धरला तर सरळ नाही म्हणा.

सांगाडा शनिवारी संध्याकाळी, कागद रविवारी सकाळी, म्हणजे वाळायला दिवस मिळतो.

प्रश्न: खळीचं प्रमाण सांगा ना. आमची कधी पाणीदार होते कधी गुठळ्या. आणि चार दिवसांत वास मारते. (एक वाचक, बार्शी)

अर्धी वाटी मैद्याला दोन वाट्या पाणी. आधी अर्धी वाटी गार पाण्यात मैदा कालवून घ्या, एक गुठळी राहता कामा नये, मग उरलेलं दीड वाटी पाणी उकळून त्यात ती पेस्ट हळूहळू ओतत ढवळा आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं शिजवा. पांढरटपणा जाऊन चकाकी आली की झाली. कच्ची राहिली तर ती चिकटते पण वाळल्यावर पापुद्रा सुटतो, बहुतेकांची खळ इथेच बिघडते आणि दोष कागदाला जातो. गार झाल्यावर घट्ट होते म्हणून थोडी पातळ असतानाच उतरवा.

वासाचं म्हणाल तर शिजवताना चिमूटभर तुरटी टाका आणि फ्रीजमध्ये डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर घरात कोणीतरी व्हाइट सॉस समजून पास्त्यात घालेल. चार-पाच दिवस टिकते, आंबूस वास आला की टाकून द्यायची, कितीशी लागते करायला. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात हे खरं आहे, पण मोरचूद विषारी असतो, लहान मुलं हात घालणार असतील तिथे अजिबात नको.

फेविकॉल वाईट आहे असं नाही, लाकडाला छानच. पण पातळ कागदाला खळ बरी, ती लगेच पकडत नाही त्यामुळे कागद सरकवून सुरकुती काढता येते, आणि मुलांचे हात साध्या पाण्याने निघतात.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या बांधून नातवंडांना देतो. पुठ्ठ्याला वरून कागद चिकटवला की वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. वजन ठेवूनही वाकतो. (नागपूर)

सर, पाठकोरे कागद वापरणारे तुम्ही, तुम्हाला मी काय सांगणार! पण कारण सांगते. कारखान्यात कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात. वर्तमानपत्र उभं फाडून बघा आणि आडवं फाडून बघा, एका बाजूने सरळ पट्टी निघते आणि दुसरीकडून वेडंवाकडं फाटतं, सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. ओला झाला की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो आणि वाळताना आकसतो, आकसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, म्हणून तुमचा पुठ्ठा कागद लावलेल्या बाजूला वाकतो. एका बाजूने कोणी ओढत असेल तर दुसऱ्या बाजूनेही ओढायला कोणीतरी पाहिजे, म्हणून आतल्या बाजूला अस्तराचा कागद त्याच दिवशी, तशाच खळीने लावा. आणि पुठ्ठा, वरचा कागद, अस्तर, आतली पानं, सगळ्यांच्या तंतूंची दिशा वहीच्या पाठीला समांतर ठेवा. पुठ्ठ्याची दिशा वाकवून कळते, सहज वाकतो तेव्हा घडीची रेषा ज्या दिशेला पडते ती. मग रद्दीच्या घड्यांमध्ये दाबून रात्रभर वजनाखाली, आणि मधे एकदा ओली झालेली रद्दी बदला. वजन लवकर काढलं की सगळं मुसळ केरात.

शिवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण इतरांसाठी लिहिते. आठ-दहा कागद एकत्र मधोमध दुमडा, घडीवर तीन भोकं, वर मधे आणि खाली. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत, आणि आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ मारा. पाच मिनिटांचं काम आहे, स्टेपलर लागत नाही, गंजतही नाही.

प्रश्न: रिकाम्या काचेच्या बाटल्या खूप साठल्यात, त्यावर क्ले आणि रंग लावून शोपीस करायचेत, आयडिया द्या. (पुणे)

भंगारवाल्याला द्या. खरंच. काच वितळवून परत काच होते, क्ले आणि सोनेरी रंग थापलेल्या बाटलीचा धूळ पुसण्यापलीकडे काही उपयोग नाही. एखादी चांगल्या झाकणाची ठेवा, जिरं भरा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे कामट्या कुठून आणायच्या? (दोन मुलींचे बाबा)

बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या, ग्रोसरीत पाकिटातच मिळतात. टोकं कापून टाका आणि २४ काड्या एका मापाच्या करून घ्या, बाकी कृती वर ठाण्याच्या ताईंना सांगितलीय तीच. कागद म्हणून गिफ्टबरोबर मिळणारा टिश्यू चालतो, फक्त दोन पदरी लावा. बेकिंगचा कागद मात्र घेऊ नका, त्यावर सिलिकॉनचा थर असतो आणि त्याला खळ काय, काहीच धरत नाही. नोव्हेंबरच्या तुमच्या पावसात कंदील बाहेर टिकणार नाही, आतून खिडकीत लावा, शेजाऱ्यांना दिसतोच.

प्रश्न: जुन्या टीशर्टचं पायपुसणं करतेय, वेणी घालून गोल शिवलं पण ते वाटीसारखं वर येतं. (एक आजी, कोल्हापूर)

आजी, तुम्ही शिवताना वेणी ओढताय. बाहेरच्या फेऱ्याला आतल्यापेक्षा जास्त लांबी लागते, ओढून बसवली की कडा वर उचलली जाते. टेबलावर सपाट ठेवून शिवा, मांडीवर नको, आणि सुरुवातीच्या फेऱ्यांना वेणी चक्क ढिली सोडून थोडी चुण्या घालत फिरवा. उलटं कडेला लाटा यायला लागल्या तर जास्त ढिलं झालं समजा.

पट्ट्या टीशर्टच्या आडव्या कापा, एक-सव्वा इंच रुंद, आणि हाताने ताणा म्हणजे कडा आत वळून दोरीसारखी होते, सूतही निघत नाही. जाळीदार स्पोर्ट्सचे टीशर्ट घेऊ नका, पॉलिस्टर पाणी शोषत नाही, मग पायपुसणं असून पाय ओलेच. जुन्या सुती साडीचं सुंदर होतं पण पट्ट्यांच्या कडा दुमडाव्या लागतात, आणि खरं सांगायचं तर मऊ सुती साडी पायाखाली घालण्यापेक्षा गोधडीत जावी असं माझं मत.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातल्या शाळेत शिकवते. वर्गात चाळीस मुलं, कार्यानुभवाच्या तासाला साहित्य म्हणून काहीही नाही. कमी पैशात सगळ्यांच्या हाताला काम मिळेल असं सुचवा. (शिक्षिका)

बाई, काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. अरविंद गुप्तांनी हे १९७०च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात सुरू केलं, माणूस आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली आणि २०१८ साली पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूबचे सेंटीमीटरभर तुकडे कापायचे, त्याच्या दोन तोंडांत दोन काड्या घुसवायच्या, झाला सांधा. तिसरी काडी जोडायची तर तुकड्याला मधे सुईने भोक पाडून त्यात दुसरा तुकडा ओवायचा. आधी काड्यांचं गुल तुम्ही स्वतः ब्लेडने खरवडून काढा, हे काम मुलांना देऊ नका.

पहिल्या तासाला फक्त त्रिकोण आणि चौकोन करू द्या आणि दोन्ही दाबायला सांगा. चौकोन लगेच आडवा पडतो, त्रिकोण नाही. मग विचारा की चौकोन उभा कसा राहील, कोणीतरी मधे तिरकी काडी घालतंच, आणि ती चौकोनातल्या काड्यांपेक्षा लांब लागते हेही त्यांचं त्यांनाच सापडतं. विजेचा टॉवर, पुलाची कैची, पत्र्याच्या शेडची चौकट, गावात जे दिसेल ते बघून यायला सांगा.

चाळीस मुलांना ट्यूब पुरत नसेल तर रात्रभर भिजवलेले वाटाणे किंवा हरभरे घ्या आणि दातकोरण्याच्या काड्या खुपसा. किंडरगार्टन ज्याने सुरू केलं त्या फ्रोबेलने १९व्या शतकात जर्मनीत हेच दिलं होतं मुलांना. दोन दिवसांत वाटाणा सुकून आकसतो आणि काडी घट्ट धरून ठेवतो. फक्त वाळत घालताना खिडकीत ठेवू नका, कबुतरं येतात, आणि थोडे वाटाणे जास्तच भिजवा कारण मुलं तोंडात टाकणारच.